व्यासपीठावरून मेजापाशी : पादुआ आणि आधुनिक शरीररचनाशास्त्राचा उगम

आधुनिक शरीररचनाशास्त्राचा आरंभ सांगताना बहुतेक ग्रंथ १५४३ हे साल पुढे करतात, कारण त्या वर्षी आंद्रेआस वेसालियस या अठ्ठावीस वर्षांच्या प्राध्यापकाचा मानवी देहाच्या रचनेवरील बृहद्ग्रंथ बासेल येथे छापून बाहेर पडला; आणि त्याच ओघात असेही सांगितले जाते की तोवर ख्रिस्ती धर्मसंस्थेने मानवी प्रेत उघडण्यास बंदी घातली होती व ती झुगारून या तरुणाने प्रथमच प्रेताला सुरी लावली. यातील पहिले विधान खरे असले तरी दुसऱ्याला आधार नाही. वेसालियसच्या जन्माच्या दोनशे वर्षे आधीपासून उत्तर इटलीतील विद्यापीठांत मानवी प्रेतांचे विच्छेदन होत होते, त्याचे नियम ठरलेले होते, त्याला विद्यापीठाची व नगराच्या कारभाऱ्यांची संमती होती आणि त्यावर लिहिलेले पाठ्यपुस्तकही विद्यार्थ्यांच्या हाती होते. त्यामुळे इतिहासकारापुढचा खरा प्रश्न वेगळाच आहे : दोनशे वर्षे प्रेत डोळ्यांसमोर उघडे पडलेले असताना त्यातील उघड गोष्टीही विद्वानांना का दिसल्या नाहीत, आणि सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात असे काय घडले की त्या दिसू लागल्या?

धर्मबंदीच्या समजुतीचे मूळ पोप आठवा बोनिफेस याने १२९९ मध्ये काढलेल्या एका आज्ञापत्रात आहे. दूरदेशी मरण पावलेल्या सरदारांचे व धर्मयोद्ध्यांचे देह तोडून, उकळून, मांसापासून हाडे सुटी करून ती मायदेशी पुरण्यासाठी आणण्याची चाल युरोपातील उमरावांत रूढ होती. त्या चालीचा या आज्ञापत्रात निषेध आहे. विद्यापीठांतील शवविच्छेदनाचा त्यात विचारही नव्हता, जरी काही भीरू वैद्यांनी त्याचा अर्थ ओढूनताणून तिथवर नेला. प्रत्यक्षात याच काळात इटलीत देह उघडण्याची निमित्ते वाढत होती. १३०२ मध्ये बोलोन्या येथे विषप्रयोगाच्या संशयावरून एका मृताचा देह न्यायाधीशाच्या हुकुमाने वैद्यांकडून उघडून तपासला गेला. १३०८ मध्ये मोंतेफाल्को येथील मठाधिपती कियारा हिच्या मृत्यूनंतर मठातील जोगिणींनीच तिचा देह टिकवण्यासाठी उघडला आणि तिच्या हृदयात ख्रिस्ताच्या क्रूसाची चिन्हे सापडल्याचे जाहीर केले. कायदा, भक्ती आणि मृतदेह टिकवण्याची विद्या या तिन्ही वाटांनी मानवी देहाचे अंतरंग लोकांच्या ओळखीचे होत होते. वैद्यकाच्या प्राध्यापकांनी त्यात अध्यापनाची चौथी वाट जोडली.

ही वाट पाडणारा मोंदिनो दे लुत्झी हा बोलोन्याचा अध्यापक होय. त्याने १३१६ च्या सुमारास लिहिलेले छोटेखानी पाठ्यपुस्तक पुढील दोन शतके इटलीतील विच्छेदनांचा क्रम ठरवीत राहिले. आधी उदर, मग छाती, मग डोके आणि शेवटी हातपाय असा तो क्रम होता, आणि त्यामागचे कारण अगदी व्यवहारी होते : जे आधी कुजते ते आधी उघडावे. प्रेत टिकवण्याची रसायने त्या काळी नव्हती, म्हणून विच्छेदन कडाक्याच्या थंडीत, बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत, कार्निव्हलच्या सणाच्या दिवसांत होई आणि चार-सहा दिवसांत उरकावे लागे. वर्षाकाठी एक-दोन प्रेते मिळत, तीही प्राणदंड झालेल्या गुन्हेगारांची, आणि शक्यतो गावात ज्यांचे नातलग नाहीत अशा परक्या, हलक्या स्थितीतील माणसांची. मृताच्या आत्म्यासाठी चर्चमध्ये प्रार्थना करवून घेण्याचा आणि अवशेषांच्या दफनाचा खर्च विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून होत असे.

या विधीतील कामाची वाटणी ध्यानात घेतल्याशिवाय पुढचा बदल कळत नाही. पंधराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसमध्ये छापल्या गेलेल्या एका वैद्यकसंग्रहातील चित्रात ती नेमकी दिसते. वर उंच आसनावर प्राध्यापक बसला आहे. खाली मेजावर प्रेत आहे. त्यावर वाकून सुरी चालवणारा हा विद्यापीठाचा पदवीधर नसून शस्त्रवैद्य किंवा न्हावी या वर्गातला कारागीर आहे, ज्याला लॅटिन येत नाही. आणि या दोघांमध्ये हातात छडी घेतलेला एक दर्शक उभा आहे, जो ग्रंथात वर्णन केलेला अवयव प्रेतात दाखवून देतो. जो जाणतो तो स्पर्श करीत नाही आणि जो स्पर्श करतो त्याला जाणण्याचा अधिकार नाही, अशी ही व्यवस्था होती. अशा व्यवस्थेत प्रेत हे ग्रंथाचे उदाहरण ठरते, ग्रंथाची कसोटी ठरत नाही. ग्रंथात जे आहे ते मेजावर दिसले नाही, तर दोष प्रेताचा, कापणाऱ्याचा किंवा लेखनिकाचा मानला जाई. मूळ लेखकाचा कधीच नाही.

हा मूळ लेखक म्हणजे गेलेन. इसवी सन १२९ मध्ये आशिया मायनरमधील पर्गामम येथे जन्मलेला, तिथल्या ग्लॅडिएटर योद्ध्यांचा वैद्य म्हणून उमेदवारी केलेला आणि पुढे रोममध्ये सम्राटांच्या दरबारी पोचलेला हा ग्रीक वैद्य प्राचीन काळातील असामान्य प्रयोगकर्ता होता. जिवंत डुकराच्या गळ्यातील बारीक मज्जातंतू बांधताच त्याचे ओरडणे थांबते आणि गाठ सोडताच ते पुन्हा सुरू होते, हे त्याने भर सभेत करून दाखवले होते, आणि आवाजाचे नियंत्रण हृदयाकडे नसून मेंदूकडे आहे हा निष्कर्ष त्यावरून काढला होता. परंतु त्याच्या काळच्या रोममध्ये मानवी प्रेताचे विच्छेदन करता येत नव्हते. त्याच्या चारशे वर्षे आधी अलेक्झांड्रियात हेरोफिलस आणि एरासिस्ट्रेटस यांना राजाश्रयाने जी मुभा मिळाली होती ती पुढे लोपली होती, आणि गेलेनचे बहुतेक ज्ञान माकडे, डुकरे, बैल अशा प्राण्यांवरून आलेले होते. निदान मानवी हाडे तरी प्रत्यक्ष पाहण्यासाठी अलेक्झांड्रियाला जावे, असा सल्ला त्याने स्वतःच दिला आहे. म्हणजे आपल्या ज्ञानाची मर्यादा गेलेनला ठाऊक होती. त्याच्या अनुयायांनी मात्र ती विसरून त्याचे शब्द तेवढे जपले.

येथे इतिहासाचे एक वळण आहे, ज्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. मोंदिनोच्या काळातील वैद्यांना गेलेन माहीत होता तो मुख्यतः अरबी ग्रंथांच्या लॅटिन भाषांतरांतून, सारांशांतून आणि टीकांतून. गेलेनचा शवविच्छेदनाच्या प्रत्यक्ष पद्धतीवरील मोठा ग्रंथ, ज्यात सुरी कशी धरावी, कोणता थर आधी सोडवावा, माकड कोणते निवडावे आणि नोकरावर न विसंबता स्वतःच्या हाताने का कापावे हे सविस्तर सांगितले आहे, तो पश्चिम युरोपच्या हाती नव्हता. व्हेनिसमधील आल्डस यांच्या छापखान्याने १५२५ मध्ये गेलेनचे समग्र ग्रीक वाङ्मय छापले आणि १५३१ मध्ये पॅरिसचा अध्यापक गुंटर याने या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर प्रसिद्ध केले, तेव्हा वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना प्रथमच असा गेलेन भेटला जो उच्चासनावर बसलेला नव्हता, तर रक्ताने माखलेल्या हातांनी मेजापाशी उभा होता. जुन्या ग्रंथांचे शुद्ध पुनरुज्जीवन करणे हा पुनरुज्जीवन काळातील पंडितांचा हेतू होता. गेलेनला खोटे पाडावे असे त्यांच्यापैकी कोणाच्या मनात नव्हते. पण त्याची पद्धत परत आणल्यावर त्याचे निष्कर्ष त्याच पद्धतीने तपासले जाणे टळण्यासारखे नव्हते.

त्याआधीही काही डोळस माणसे होऊन गेली. बोलोन्याच्या बेरेंगारिओ दा कार्पी याने १५२१ मध्ये मोंदिनोवर लिहिलेल्या विस्तृत भाष्यात, गेलेनने वर्णिलेली मेंदूच्या तळाची एक रचना आपल्याला कधीही सापडली नाही, असे स्पष्ट नोंदवले. लिओनार्दो दा विंचीने फ्लॉरेन्सच्या सान्ता मारिया नुओवा रुग्णालयात शांतपणे मरण पावलेल्या एका शतायुषी वृद्धाचे विच्छेदन करून त्याच्या आक्रसलेल्या रोहिण्यांची, म्हणजे हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिन्यांची, जी टिपणे केली, तशी निरीक्षणे त्या काळी इतर कोणी केलेली दिसत नाहीत. तीसहून अधिक देह उघडल्याचे तो सांगतो आणि त्याची चित्रे पाहता ते पटते. परंतु ज्या तरुण प्राध्यापकाबरोबर तो काम करीत होता तो मार्कांतोनिओ देल्ला तोर्रे १५११ मध्ये प्लेगने वारला, ग्रंथ झाला नाही, आणि लिओनार्दोचे कागद शतकानुशतके खाजगी संग्रहांत पडून राहिले. आधुनिक शरीररचनाशास्त्राच्या घडणीत म्हणूनच त्याचा वाटा जवळजवळ नाही. ज्ञान छापले गेले नाही तर त्याची परंपरा होत नाही, हे मान्य करणे लिओनार्दोच्या चाहत्यांना जड जात असले तरी भाग आहे.

वेसालियसचा जन्म १५१४ च्या अखेरीस ब्रसेल्समध्ये, पिढ्यान्‌पिढ्या राजघराण्यांची सेवा केलेल्या वैद्यांच्या व औषधनिर्मात्यांच्या कुटुंबात झाला. पॅरिसमध्ये त्याने गुंटर आणि याकोबुस सिल्वियस या गेलेनच्या दोन निष्ठावंतांकडे शिक्षण घेतले. तिथल्या दफनभूमीत उघड्या पडलेल्या हाडांच्या राशींत बसून डोळे झाकून हाताने हाडे ओळखण्याचा सराव त्याने केला. युद्धामुळे पॅरिस सोडून लुव्हेनला परतल्यावर गावाबाहेरच्या वधस्तंभावर पक्ष्यांनी स्वच्छ केलेला एका गुन्हेगाराचा सांगाडा त्याला दिसला, आणि गेम्मा फ्रिसियस या गणितज्ञ मित्राच्या साहाय्याने त्याने तो तुकड्यातुकड्यांनी लपवून घरी नेला. डिसेंबर १५३७ मध्ये पादुआ विद्यापीठाने त्याला पदवी दिली आणि लगेचच शस्त्रक्रिया व शरीररचना शिकवण्याच्या पदावर नेमले. व्हेनिसच्या प्रजासत्ताकाच्या छायेखालील हे विद्यापीठ परदेशी विद्यार्थ्यांनी गजबजलेले होते. पादुआच्या विच्छेदनांत वेसालियसने पहिल्यापासूनच तिन्ही कामे स्वतःकडे घेतली : तो स्वतः कापीत असे, स्वतः दाखवीत असे आणि स्वतःच व्याख्यान देत असे.

एवढ्याने सत्य लगेच दिसू लागले असे मात्र नाही, आणि याचा पुरावा खुद्द वेसालियसच आहे. विद्यार्थ्यांच्या आग्रहावरून त्याने १५३८ मध्ये सहा मोठी चित्रपत्रके छापली. त्यांतील यकृताला पाच पाळ्या आहेत, जशा माणसाच्या यकृताला नसतात. आणि मेंदूच्या तळाशी सूक्ष्म रोहिण्यांचे ते जाळेही आहे, जे बेरेंगारिओला सापडले नव्हते. हे जाळे गेलेनच्या शरीरविज्ञानाचा कणा होते, कारण हृदयातून आलेल्या प्राणतत्त्वाचे मेंदूला चालवणाऱ्या सूक्ष्म तत्त्वात रूपांतर तिथेच होते असे तो मानीत असे. मेंढी, बैल यांच्या डोक्यात हे जाळे खरोखर असते. माणसाच्या डोक्यात ते नाही. वेसालियसने पुढे आपल्या ग्रंथात कबूल केले आहे की गेलेनवरील श्रद्धेपायी तो मानवी डोक्याचे जाहीर विच्छेदन करताना कोकराचे किंवा बैलाचे डोके जवळ ठेवत असे आणि माणसात जे सापडत नाही ते त्यात दाखवीत असे. या कबुलीचे मोल मोठे आहे. डोळ्यांनी पाहणे हे मनाने आधीच पाहिलेल्या गोष्टींच्या किती अधीन असते, याचा इतका प्रांजळ दाखला विज्ञानाच्या इतिहासात क्वचितच आढळतो.

बदल कसा घडत होता याचे जवळून दर्शन १५४० च्या जानेवारीत बोलोन्यात झालेल्या विच्छेदनांत होते. बाल्थासार हेसेलर हा सायलेशियाचा विद्यार्थी तिथे रोज हजर होता आणि त्याने केलेल्या टिपणांची वही शतकानुशतके अज्ञात राहून विसाव्या शतकात छापली गेली. व्यवस्था अशी ठरली होती की मात्तेओ कोर्ती हा वयोवृद्ध, प्रतिष्ठित प्राध्यापक मोंदिनोच्या पाठ्यपुस्तकावर व्याख्यान देईल आणि त्यानंतर पादुआहून बोलावलेला पंचवीस वर्षांचा वेसालियस तोच भाग प्रेतावर दाखवील. दोघांत खटका उडाला तो रक्तमोक्षणावरून. फुप्फुसाच्या आवरणाला दाह झाल्यावर कोणत्या हाताची शीर तोडावी हा त्या काळी वैद्यकातला कडाक्याचा वाद होता, आणि त्याचे उत्तर पाठीच्या कण्याच्या उजवीकडून जाणाऱ्या एका एकट्या नीलेवर, म्हणजे अशुद्ध रक्ताच्या वाहिनीवर, अवलंबून होते. फासळ्यांना रक्त तीच पुरवते अशी तेव्हाची समजूत होती. ही नीला मोठ्या नीलेला हृदयाच्या वर मिळते की खाली, यावर वाद ठरणार होता. वेसालियसने प्रेतात ती जागा दाखवली आणि गेलेन येथे चुकला असे सांगितले. कोर्तीने उत्तर दिले की आपण शरीररचनाकार नसलो तरी फासळ्यांना पोसणाऱ्या आणखी नीला असू शकतील. त्यावर वेसालियसने त्या कुठे आहेत ते दाखवावे अशी मागणी केली. हेसेलरच्या वहीत या प्रसंगी सभेत झालेला गोंधळही उतरला आहे. कोर्तीकडे ग्रंथ होते, तर्क होता, वयाचा मान होता. पण मागणी ग्रंथातला उतारा दाखवण्याची नव्हती, मेजावरची नीला दाखवण्याची होती, आणि तिला उत्तर द्यायचे तर खाली उतरून प्रेतापाशी यावे लागत होते.

याच बोलोन्याच्या मुक्कामात वेसालियसने एक मानवी आणि एक माकडाचा असे सांगाडे शेजारीशेजारी जोडले. गेलेनने मानवी कमरेच्या मणक्यांवर म्हणून वर्णिलेला एक छोटा हाडाचा उंचवटा माणसाच्या मणक्यांवर नव्हता आणि माकडाच्या मणक्यांवर होता. एका किरकोळ भासणाऱ्या हाडाच्या टोकावरून त्याला सगळा उलगडा झाला : गेलेन ठिकठिकाणी चुकला असे नव्हे, तर गेलेनने माणूस उघडलाच नव्हता. ही किल्ली हाती आल्यावर कुलपे भराभर उघडत गेली. खालचा जबडा दोन हाडांचा असतो असे गेलेनने म्हटले होते, ते कुत्र्यासारख्या प्राण्यांना लागू आहे, प्रौढ माणसाचा जबडा एकसंध असतो. उरोस्थी, म्हणजे छातीचे मधले चपटे हाड, सात तुकड्यांचे नसून तीन तुकड्यांचे आहे. यकृताला पाच पाळ्या नाहीत. अशा दोनशेहून अधिक जागा त्याने दाखवल्या असे मानले जाते.

सांगाडे तयार करण्याची त्याची कृती पाहिली की हे शास्त्र किती अंशी हाताचे काम होते ते ध्यानात येते. जुनी रीत अशी होती की मांस ढोबळपणे काढलेले प्रेत भोके पाडलेल्या लाकडी पेटीत घालून त्यावर चुना ओतावा, पेटी वाहत्या नदीत बांधून ठेवावी आणि काही दिवसांनी उरलेले सोलून सांगाडा उन्हात वाळवावा. वेसालियसला ही रीत पसंत नव्हती, कारण सुकून काळ्या पडलेल्या बंधनांखाली हाडांचे सांधे, खाचा आणि छिद्रे झाकली जात, आणि विद्यार्थ्याने पाहायचे ते नेमके तेच असे. त्याऐवजी त्याने सांगितलेली रीत म्हणजे मोठ्या हंड्यात हाडे भरपूर पाण्यात उकळावीत, वर येणारी चरबी वरचेवर काढून टाकावी, कुर्च्या म्हणजे हाडांच्या टोकांची लवचीक आवरणे निराळी जपावीत, प्रत्येक हाड सुरीने खरडून स्वच्छ करावे आणि मग छिद्रे पाडून तांब्याच्या तारेने सांगाडा उभा करावा. ग्रंथाची छपाई चालू असताना १५४३ च्या मे महिन्यात बासेल येथे शिरच्छेद झालेल्या याकोब कारर या गुन्हेगाराचे त्याने जाहीर विच्छेदन केले आणि त्याचा सांगाडा जोडून तिथल्या विद्यापीठाला दिला. तो आजही बासेलच्या शरीररचना संग्रहालयात आहे.

या मृतांविषयी इतिहासाने अधिक बोलायला हवे. पादुआचा न्यायाधीश मार्कांतोनिओ कोंतारिनी याला वेसालियसच्या कामात इतका रस होता की १५३९ पासून फाशी गेलेल्यांची प्रेते त्याला मिळू लागली, आणि विच्छेदनाच्या सोयीसाठी प्राणदंडाची वेळही पुढेमागे केली जाई. ज्यांचे देह उघडले गेले त्यांची संमती कोणी विचारली नाही, आणि विचारण्याची कल्पनाही त्या समाजात नव्हती. दंडाचा धाक देहाच्या अखंडतेवर घाला घालून वाढवला जात होता. स्त्रियांच्या बाबतीत हे अधिक टोचते, कारण फाशी जाणाऱ्यांत त्या थोड्या असत आणि म्हणून त्यांचे देह दुर्मिळ होते. वेसालियस स्वतः लिहितो की एका मठातील साधूच्या रखेलीचे प्रेत त्याच्या विद्यार्थ्यांनी कबरीतून पळवून आणले आणि तिच्या आप्तांना ओळखू येऊ नये म्हणून सगळी त्वचा घाईने सोलून काढली. हे लिहिताना त्याच्या लेखणीला कोठेही अडखळल्यासारखे वाटत नाही. त्याच्या ग्रंथाच्या प्रसिद्ध मुखपृष्ठावर मेजावर पडलेली आहे तीही एक फाशी गेलेली स्त्रीच. मरण टाळण्यासाठी तिने आपण गरोदर असल्याचे सांगितले होते आणि सुईणींनी तपासून ते नाकारले होते. गरोदर स्त्रियांचे देह जवळजवळ न मिळाल्याने पहिल्या आवृत्तीत गर्भाची वार त्याने कुत्रीच्या वारेसारखी पट्ट्याच्या आकाराची काढली, आणि ही चूक १५५५ च्या दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त झाली. ज्या चुकीसाठी त्याने गेलेनला दोष दिला, तीच चूक त्याच कारणाने त्याच्याही हातून घडली होती.

ग्रंथाचे नाव ‘दे हुमानी कॉर्पोरिस फाब्रिका’, म्हणजे मानवी देहाच्या घडणीविषयी. सात भागांचा, सहाशेहून अधिक मोठ्या पानांचा, दोनशेहून अधिक चित्रांचा हा ग्रंथ सम्राट पाचव्या चार्ल्सला अर्पण केलेला आहे. चित्रे लाकडी ठशांवर व्हेनिसमध्ये कोरली गेली. ती काढणाऱ्यांत टिशियनच्या चित्रशाळेशी संबंधित यान व्हान कालकार असावा असे परंपरा सांगते. १५४२ च्या ऑगस्टमध्ये ठसे व्यापाऱ्यांच्या हवाली होऊन आल्प्स पर्वतापलीकडे बासेलला, योहान्नेस ओपोरिनुस या ग्रीकच्या प्राध्यापक राहिलेल्या मुद्रकाकडे रवाना झाले, आणि कोणता ठसा कोठे बसवायचा, कोणते अक्षर कसे उमटले पाहिजे याच्या बारीक सूचनांचे पत्र सोबत गेले. या अक्षरांत ग्रंथाचे खरे नावीन्य आहे. प्रत्येक चित्रात स्नायूवर, हाडावर, वाहिनीवर छोटी अक्षरे कोरलेली आहेत, त्यांची सूची शेजारी आहे, आणि मजकुराच्या समासात त्या त्या चित्राचा निर्देश आहे, जेणेकरून वाचकाची नजर वाक्यावरून चित्रावर आणि चित्रावरून मेजावरील देहावर जाऊन पुन्हा वाक्यावर येईल. हस्तलिखितांच्या काळात हे अशक्य होते, कारण प्रत्येक नकलेत चित्र थोडे बिघडत जाई. लाकडी ठशातून मात्र पादुआतल्या वाचकाला आणि लंडनमधल्या वाचकाला एकच रेघ, एकाच जागी दिसत होती, आणि म्हणूनच तिच्यातली चूकही दोघांना एकाच जागी दाखवता येत होती. स्नायूंच्या चित्रमालिकेत थरामागून थर उतरत जाणारी माणसे उभी आहेत ती पादुआजवळच्या टेकड्या, नद्या आणि पडक्या वास्तू यांच्या पार्श्वभूमीवर; चित्रे शेजारी ठेवली की मागचा देखावा सलग जुळतो.

सिल्वियस या जुन्या गुरूला हे सारे असह्य झाले. १५५१ मध्ये त्याने छापलेल्या पुस्तिकेत आपल्या शिष्याच्या नावात फेरफार करून त्याला वेडा ठरवले आणि असा युक्तिवाद केला की गेलेन चुकलेला नाही, त्याच्या काळापासून मानवी देहच बदलत व ढासळत आला आहे. वेसालियस तोवर विद्यापीठ सोडून सम्राटाच्या पदरी वैद्य म्हणून गेला होता. जाताना त्याने आपली कित्येक टिपणे जाळून टाकली होती. त्याच्यावर खरी, आणि त्याला मान्य होण्यासारखी, टीका झाली ती दुसरीकडून. पादुआत त्याच्या जागेवर पुढे आलेल्या गाब्रिएले फालोप्पियो याने १५६१ मध्ये आपली निरीक्षणे प्रसिद्ध करून, वेसालियसविषयी अत्यंत आदर बाळगूनच, त्याच्या अनेक चुका दाखवल्या. स्त्रीच्या अंडाशयाकडून गर्भाशयाकडे जाणाऱ्या ज्या नलिका फालोप्पियोच्या नावाने ओळखल्या जातात त्यांचे वर्णन याच ग्रंथात आहे. वेसालियसने त्याला सविस्तर उत्तर लिहिले; ते छापले गेले १५६४ मध्ये, आणि त्याच वर्षी जेरुसलेमच्या यात्रेहून परतताना झांते बेटावर त्याचा मृत्यू झाला.

एक प्रश्न वेसालियसने उघडला आणि मिटवला नाही. रक्त हृदयाच्या उजव्या निलयातून, म्हणजे खालच्या कप्प्यातून, डाव्या निलयात मधल्या पडद्यातील सूक्ष्म छिद्रांतून झिरपते असे गेलेनचे मत होते. १५४३ मध्ये वेसालियसने त्या पडद्यात नजरेला दिसेल अशी छिद्रे नाहीत असे नोंदवून ईश्वराच्या कौशल्याविषयी विस्मय व्यक्त केला. १५५५ मध्ये त्याने ते झिरपणे कसे शक्य आहे हे आपल्याला समजत नाही असे अधिक धीटपणे लिहिले. पादुआत त्याचा साहाय्यक राहिलेला रेआल्दो कोलोम्बो याच्या १५५९ मध्ये छापलेल्या ग्रंथात रक्त पडद्यातून नव्हे तर फुप्फुसांतून फिरून डावीकडे येते हे विच्छेदनाच्या आधारे मांडलेले आहे. हाच विचार मिगुएल सर्वेतुस याने १५५३ मध्ये एका धर्मशास्त्रीय ग्रंथात मांडला होता आणि त्याच ग्रंथातील पाखंडासाठी त्याला जिनिव्हात जिवंत जाळण्यात आले. आणि त्याही आधी तीनशे वर्षे इब्न अल्‌-नफीस या दमास्कसमध्ये शिकलेल्या व कैरोत वैद्यकी केलेल्या विद्वानाने तो अरबीत लिहून ठेवला होता.

पादुआतील विच्छेदने यावेळेपर्यंत दर हिवाळ्यात उभारून पुन्हा मोडल्या जाणाऱ्या लाकडी मंडपात होत. फालोप्पियोनंतर आलेला हिएरोनिमुस फाब्रिसियस याच्या प्रयत्नाने विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत कायमचा विच्छेदनमंडप बांधला गेला आणि तो १५९५ च्या आरंभी वापरात आला. लंबवर्तुळाकार, खाली निमुळते होत जाणारे सहा मजले, प्रत्येकाला अक्रोडाच्या लाकडाचा कोरीव कठडा, बसायला जागा नाही, खिडकी नाही, मेणबत्त्यांचा उजेड आणि अगदी तळाशी मेज : कोणत्याही मजल्यावरून प्रेत सरळ नजरेखाली राहील अशी ही रचना होती. प्राध्यापकाची जागा आता सर्वांच्या वर नव्हती, सर्वांच्या खाली, मेजापाशी होती. फाब्रिसियसने नीलांच्या आत जागोजाग असलेले छोटे पडदे येथे विद्यार्थ्यांना दाखवले आणि १६०३ मध्ये त्यांवर सचित्र पुस्तिका छापली. रक्त एकदम पायांकडे लोंढ्याने उतरून तिथे साचू नये म्हणून ते त्याचा वेग आवरतात, असा त्याने अर्थ लावला. त्या कठड्यांवरून पाहणाऱ्यांत विल्यम हार्वी हा इंग्रज विद्यार्थी होता, ज्याने १६०२ च्या एप्रिलमध्ये पादुआची पदवी घेतली. ते पडदे सगळे हृदयाच्या दिशेनेच उघडतात, मानेतल्या नीलांत तर ते रक्ताला वर जाऊ न देणारे आहेत, मग रक्त पायांत साचू नये एवढ्याचसाठी ते असतील कसे, हा विचार त्याच्या मनात तिथून पुढे रुजला आणि १६२८ मध्ये फ्रँकफुर्ट येथे छापलेल्या त्याच्या छोट्या पुस्तकात, रक्त हृदयातून रोहिण्यांवाटे निघून नीलांवाटे हृदयाकडेच परत येते, हा सिद्धांत झाला.